न्यूयॉर्कचे पोलीस आणि थिओडोर रूझवेल्ट

लांचखाऊ पोलिसांची कसून चौकशी व्हावी हें म्हणणें सोपें; त्या जात्यांत प्रामाणिक शिपाईहि भरडला जाऊं नये हें पाहणें कठीण. थिओडोर रूझवेल्ट हे १९०१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झाले म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्रांतील १८९५ ते १८९७ हा काळ अधिक विचारार्ह वाटतो.

१८५८ सालीं न्यूयॉर्कमधील एका संपन्न घराण्यांत जन्मलेले हे गृहस्थ मे १८९५ मध्यें तेथील पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले. तत्पूर्वींच लेक्सो कमिटीनें खात्याचीं लक्तरें वेशीवर टांगलीं होतीं. एका अंमलदारानें कॅप्टनची जागा १५,००० डॉलर मोजून घेतल्याचें कबूल केलें होतें. ही रक्कम शेवटीं गुत्तेवाले व दुकानदार यांच्याच गल्ल्यांतून निघे, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच!

रूझवेल्ट मध्यरात्रीं पत्रकार रीस यांस घेऊन रस्तोरस्तीं हिंडत. पहारा सोडून गेलेल्या शिपायांस सकाळीं कचेरींत जाब द्यावा लागे. पण बावीस वर्षांत वीस-पंचवीस माणसांस बुडतांना वांचविलेला एक म्हातारा शिपाई वशिल्याअभावीं मागें पडला होता, त्यासहि त्यांनीं बढती देवविली. भरती परीक्षेनें होऊं लागली. शिपायांचा हुरूप टिकला तो, आमच्या मतें, यामुळेंच.

मुख्य अधिकारी बायर्न्स यांस मात्र पेन्शन देऊन घालविलें, हें आम्हांस पटत नाहीं. ते दोषी असतील तर सुटले. निर्दोष असतील तर डाग तसाच राहिला. रीतसर सुनावणीच हवी होती.

रविवारीं गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा होता. तो मोडूं देण्याबद्दलच पोलीस हप्ते घेत. रूझवेल्ट यांनीं तो सर्वांस सारखा लावला. तर्क बिनतोड होता; पण रविवारीं बीअर पिणारे जर्मन मजूर खवळले, आणि नोव्हेंबर १८९५ च्या निवडणुकींत शहरांत जुना टॅमनी पक्ष विजयी झाला. त्यांतच चौघांच्या मंडळांत पार्कर यांच्याशीं त्यांचें बिनसलें आणि बढत्या अडून राहिल्या. भांडण वरच्यांचें, ताटकळले खालचे!

एप्रिल १८९७ मध्यें रूझवेल्ट आरमारी खात्यांत गेले. पूर्वीं बडतर्फ झालेला कॅप्टन डेव्हरी न्यायालयांमार्फत नोकरींत परतला होता. १८९८ मध्यें तोच पोलिसांचा मुख्य झाला.