जॉर्ज एव्हरेस्ट : शिखराच्या नावामागचा मोजणीदार



परिसर अभ्यासाच्या तासासाठी मी आमच्या भागाचा जुना सर्वेक्षण नकाशा स्कॅन केला आणि क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रावर ठेवला. कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले. तरी शाळेमागची विहीर शंभरेक मीटर सरकून भलत्याच शेतात गेली! मुले हसली. एका मुलीने विचारले की यातला खोटा नकाशा कोणता? मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याचे नाव तुम्हा-आम्हाला फक्त शिखरामुळे माहीत आहे. चला तर, आज त्याची ओळख करून घेऊ.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचा जन्म ४ जुलै १७९० चा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८०६ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात नोकरीला भारतात आले. जावा बेटावर त्यांनी सर्वेक्षणाचे काम केले. १८१८ मध्ये विल्यम लॅम्बटन यांचे मदतनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक सरळ रेषा साखळीने मोजून त्रिकोणांची मोजणी सुरू केली होती. एक बाजू आणि कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. अशी त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे निघाली.

जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन वारले. कुठे, माहीत आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला. त्यांची कबर आजही तिथे आहे. पुढची जबाबदारी एव्हरेस्ट यांच्यावर आली. जंगलातल्या तापाने त्यांची तब्येत आधीच पोखरली होती. हातपाय नीट चालेनात, तेव्हा माणसांच्या आधाराने यंत्रापुढे बसून त्यांनी निरीक्षणे घेतली. शेवटी १८२५ मध्ये उपचारासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले.

तिथली पाच वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. नवी यंत्रे पाहिली, करवून घेतली. भारतातील मोजणीच्या आधारे पृथ्वीच्या आकाराचे गणित मांडून १८३० मध्ये ते प्रसिद्ध केले. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, हे आपण शिकवतोच. पण किती चपटी आणि किती मोठी? एव्हरेस्ट यांच्या गणितात विषुववृत्ताजवळची त्रिज्या सुमारे ६३७७.२८ किलोमीटर आली. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे ठिकाण पुढे भारतीय नकाशांचा आरंभबिंदू ठरले.

१८३० मध्येच ते सर्व्हेअर जनरल होऊन परतले. साखळी उन्हाने लांबते, म्हणून आता तापमानाचा फरक सांभाळणाऱ्या धातूच्या पट्ट्या वापरात आल्या. साखळीने मोजलेली सिरोंजची पायारेषा त्यांनी पुन्हा मोजायला लावली. गंगेच्या सपाट प्रदेशात टेकड्या नव्हत्या, तिथे मनोरे बांधून रात्री दिवे लावले. या कामाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. वाटेत येणारी झाडे तोडली गेली, घरेही पाडली गेली. कित्येक कामगार तापाने गेले, त्यांची नावे कुठल्याच शिखराला नाहीत. एव्हरेस्ट स्वभावाने तापट होते. पण हाताखालची बुद्धिमत्ता त्यांनी ओळखली. गणिती राधानाथ सिकदार आणि यंत्रे दुरुस्त करणारे सय्यद मीर मोहसीन हे त्यांचे मोठे आधार होते.

१८४१ मध्ये कन्याकुमारीकडून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २४०० किलोमीटरची रेषा पूर्ण झाली. १८४३ मध्ये ते निवृत्त झाले. १८६५ मध्ये त्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला दिले गेले. या नावाला त्यांची स्वतःचीच हरकत होती, बरं का! १ डिसेंबर १८६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्या विहिरीकडे येऊ. जुना नकाशा एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीवर काढलेला. मोबाईलचे जीपीएस १९८४ च्या जागतिक मापावर चालते. तिथे त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर धरली आहे, आणि दोन्ही आकारांचे केंद्रही एका जागी नाही. एव्हरेस्ट यांचा आकार म्हणजे भारताच्या अंगावर मापाने शिवलेला सदरा, तर १९८४ चा म्हणजे साऱ्या जगाला चालणारा तयार सदरा! त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे येतात. नकाशा बोटाने ओढून बसवू नका, कारण हा फरक सगळीकडे सारखा नसतो. जुन्या नकाशाची निर्देशक प्रणाली म्हणून कल्याणपूर निवडा, बाकीचे गणित सॉफ्टवेअर करते. मी तसे केले आणि विहीर जागेवर आली.

वर्गात हे करून पाहा. दोन गट करा. एक गट फाटकापासून, दुसरा ध्वजस्तंभापासून पावले मोजून मैदानातल्या झाडाची जागा लिहील. मग चिठ्ठ्या बदला. दोन्ही गट चुकतील, भांडतील. त्यानंतर फाटक ते ध्वजस्तंभ हे अंतर मोजायला सांगा. भांडण तिथेच मिटते.

त्या मुलीला मी नंतर सांगितले की दोन्ही नकाशे खरे आहेत. चूक माझी होती. नकाशा कुठून मोजला, हे मी विचारलेच नव्हते. वहीतले उत्तर वेगळे दिसले की लगेच फुली मारण्याआधी मुलाने मोजायला कुठून सुरुवात केली, एवढे विचारायला मी यातून शिकलो. तुम्हीही विचारून पाहा.