गाडगेबाबांचा वेश झाला, आता गाडगेबाबा शिकवूया

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा म्हटली की शिवाजी महाराज, जिजामाता, झाशीची राणी आणि गाडगेबाबा ठरलेलेच. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर तालुक्यातलं एखादं खेडं असो, सगळीकडे हेच. त्यात गाडगेबाबांचा वेश सर्वात स्वस्त. घरातली फाटकी गोधडी, कापसाची दाढी, हातात खराटा आणि मडकं. पोरगं स्टेजवर दोन वाक्यं बोलतं, टाळ्या पडतात, आई मोबाईलवर फोटो काढते. घरी आल्यावर कपडे उतरतात, आणि कपड्यांबरोबर गाडगेबाबाही उतरतात. दुसऱ्या दिवशी तेच पोरगं वर्गातल्या एखाद्याच्या ठिगळ लावलेल्या शर्टाला हसत असेल, तर आपण त्याला शिकवलं काय?

२३ फेब्रुवारीला बाबांची जयंती असते. त्यानिमित्त हा वेश आला कुठून आणि त्याच्या आत माणूस कोण होता, हे पोरांना सांगण्यासारखं आहे.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परीट. म्हणजे गावाचे कपडे धुणारं घर. ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कुणाचं धोतर किती मळतं आणि कुणाच्या लुगड्याला किती ठिगळं आहेत, हे परिटाच्या घराइतकं गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? कडक पांढऱ्या सदऱ्याचा मान गावात मिळतो, पण तो सदरा पांढरा करणाऱ्या हाताला मिळत नाही. डेबूजी अशा घरात जन्मले.

वडील झिंगराजी दारूपायी गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तिथं मामाकडे डेबू गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला शिकला. शाळेचं तोंड त्यानं बघितलं नाही. मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी होते, पण त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले, कर्ज फिटल्यासारखं वाटायचं आणि फिटायचं नाही. शेवटी चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्यानं मामा खचले आणि गेले. जो धडा शाळेत मिळाला नाही तो डेबूजींना इथं मिळाला. माणूस अक्षरामुळं तरतो आणि अंगठ्यामुळं बुडतो, हे त्यांनी पुढं पन्नास वर्षं गावोगाव सांगितलं.

१८९२ साली लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची, तर यांनी गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले. पण वडील दारूनं गेलेले, तेव्हा रिवाजासाठी पुन्हा दारूच वाटायची हे त्यांना पटणारं नव्हतं.

मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि एक मडकं, म्हणजे गाडगं. त्यावरूनच पुढं गाडगेबाबा हे नाव पडलं. त्यांचा वेश हळूहळू असा झाला की बघणारा थबकायचा. वेगवेगळ्या चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, डोक्यावर खापराचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, पायांतल्या चपलासुद्धा एकमेकींशी न जुळणाऱ्या. आणि हातात खराटा.

त्यांच्याकडं दुसरे कपडे नव्हते म्हणून हा वेश, असं समजू नका. पुढं त्यांच्या शब्दावर लाखो रुपये गोळा होत होते. बरं धोतर घ्यायला कुणी नाही म्हटलं नसतं. तरी वेश तोच राहिला. भगवी कफनी घातली असती तर पहिल्या दिवसापासून लोक पाया पडले असते. तेच तर नको होतं. त्यांनी कुणाला पायाला हात लावू दिला नाही, कुणाला शिष्य केलं नाही, स्वतःला गुरू म्हणवून घेतलं नाही.

त्या वेशाचा एक उपयोग मात्र फार मोठा झाला. चिंध्या घातलेला माणूस गावात शिरला की गाव खरं कसं आहे ते दिसतं. कुणी कुत्रं सोडतं, कुणी वेडा म्हणून हुसकावतं, कुणी भाकरतुकडा देतं. बाबा गावात आले की आधी खराट्यानं रस्ते, गटारं साफ करायला लागायचे. फुकट भाकरी घ्यायची नाही, आधी काम करायचं, हा नियम. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला की दिवसा हुसकावणारे पुढं बसून ऐकायचे. माणूस दोन्ही वेळी एकच. बदललेला असायचा तो लोकांचा डोळा.

कीर्तन म्हणजे पोथी-पुराण नव्हतं. वऱ्हाडी बोलीत लोकांना सरळ प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरं कापू नका, शिवाशीव पाळू नका. आणि सर्वात जोर पोरांच्या शिक्षणावर. पैसे कमी पडत असतील तर जेवायचं ताट मोडा आणि भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असं ते सांगत. कपड्याचा पैसा आणि पुस्तकाचा पैसा एकाच खिशातून जातो, हा साधा हिशेब होता. मी कॉमर्सचा माणूस, पण घरखर्चाचा याहून सोपा ताळेबंद मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. सणाला, लग्नाला उधारीवर कपडे घेणारी आणि फी भरताना मुदत मागणारी घरं आजही आपल्या आजूबाजूला कमी नाहीत.

आता बाबांच्या कामाची दुसरी बाजू बघा. स्वतः चिंध्या घालणारा हा माणूस लोकांना काय वाटत होता? अन्न आणि कपडे. भुकेल्याला जेवण, उघड्याला वस्त्र, गरीब पोरांना शिक्षण, बेघराला आसरा, हे त्यांच्या कामाचे खांब. म्हणजे कपड्याला काही किंमत नाही, असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. थंडीत उघड्या पडलेल्या माणसाला कपडा म्हणजे जीव आहे. किंमत आहे ती अंग झाकण्याला. माणूस मोजायचं माप म्हणून कपडा चालत नाही, एवढंच. हा फरक पोरांना समजावून सांगायला हवा. नाहीतर गरीब पोराला आपण सांगून बसतो की कपड्याचं काय एवढं, आणि त्याला खरंच स्वेटर नसतो.

गोळा झालेल्या पैशातून १९०८ साली ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. वारीला आलेल्या ज्या लोकांना शिवाशिवीमुळं कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांना हक्काचं छप्पर मिळालं. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं राहिलं. वहीच्या जमेच्या बाजूला एवढ्या इमारती, आणि स्वतःच्या नावावर एक खोलीसुद्धा नाही.

१९४९ साली पंढरपूरची ती धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. या दोघांना शेजारी उभं करून बघा. एक चिंध्यांत, दुसरे सुटाबुटात. वेशानं याहून लांबची दोन माणसं महाराष्ट्रात सापडायची नाहीत. तरी दोघांचा एकमेकांवर जीव. बाबा मुंबईत आजारी असताना कायदेमंत्री आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटायला गेले, आणि एरवी कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी आठवण सांगितली जाते.

आंबेडकरांनी १९२७ साली महाडला जमलेल्या बायकांना नीटनेटकं लुगडं नेसायला, जात दाखवणारे दागिने टाकून द्यायला सांगितलं होतं. ज्यांच्यावर कळकट कपडे लादले गेले, त्यांनी स्वच्छ कपडा घालणं हाच स्वाभिमान. ज्याला जग मान द्यायला तयार आहे, त्यानं भपका टाकणं हाही स्वाभिमानच. एकानं सूट घातला, एकानं चिंध्या, आणि दोघांनी एकच सांगितलं की अंगावरच्या कापडावरून माणसाची पायरी ठरवू नका.

आपल्या टापूला जवळचं उदाहरण कराडचं. कर्मवीर भाऊराव पाटील हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९५४ साली कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. ज्यानं शाळेची पायरी चढली नाही, त्याच्या नावाच्या कॉलेजातून आज पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात. आणि अमरावतीचं विद्यापीठही आता बाबांच्याच नावानं ओळखलं जातं.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले होते. दोघांच्या जाण्यात अंतर चौदा दिवसांचं.

वेशभूषा स्पर्धा बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पोरांना मजा येते, येऊ दे. पण यंदा पोराला गाडगेबाबा केलंत तर स्टेजवर जायच्या आधी त्याच्या हातातल्या खराट्यानं निदान स्वतःचा वर्ग झाडू दे. कपाटात लहान झालेले पण धड असलेले दोन कपडे असतील तर धुऊन, इस्त्री करून, गाजावाजा न करता गरजेच्या घरी पोचवा, आणि ते धुण्याचं काम पोरालाच करू द्या. परिटाच्या घरातला तो माणूस त्याला तिथं भेटेल. मग बक्षीस मिळो न मिळो, वेश उतरल्यावरही थोडे गाडगेबाबा त्याच्या अंगावर राहतील.