फ्लॉरेन्स नाइटिंगेल

मी आज तुम्हाला एका नर्सबाईंची माहिती सांगणार आहे. त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचं नाव तेच मुलीला ठेवलं. घरचे लोक इंग्लंडचे, खूप श्रीमंत. बाईंना आजाऱ्यांची सेवा करायची होती पण घरचे नाही म्हणायचे. तरी १८५१ साली जर्मनीत जाऊन त्या काम शिकल्या.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू होते. जखमी शिपायांना तुर्कस्तानात स्कुटारीच्या दवाखान्यात आणत. बाई ३८ नर्स घेऊन तिथे गेल्या. दवाखाना लई मोठा, पण खाली गटारं तुंबलेली, उंदीर, अंगावर उवा. बाईंनी कपडे धुवायची आणि जेवणाची सोय केली. रात्री त्या कंदील घेऊन फिरत. (चित्रात पणतीसारखा दिवा काढतात. खरा तर घडीचा तुर्की कंदील होता.) तरी माणसं मरतच होती. गोळीने कमी, हगवण, पटकी आणि तापाने जास्त. फेब्रुवारी १८५५ मध्ये १०० आजाऱ्यांमागे ४२ मेले. आमच्या वर्गात ३१ मुलं आहेत, त्याच्याहून जास्त!

मार्चमध्ये सरकारची माणसं आली. त्यांनी गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मरणारे १०० मागे २ वर आले. घरी परतल्यावर बाईंनी सगळे आकडे मोजले आणि १८५८ साली गोल चित्र छापलं. त्यात टाळता येणाऱ्या रोगांचा निळा भाग सगळ्यात मोठा आहे. जंतूंचं तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हतं. बाईंना वाटे घाण हवेनेच रोग होतो. पण १८५९ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की नर्सने दिवसातून पुष्कळदा हात धुवावेत. १८६० साली लंडनला सेंट थॉमस दवाखान्यात त्यांच्या नावाने नर्सची शाळा निघाली.

माझी मावशी पण नर्स आहे. ती अतिदक्षता विभागात असते. तिथे ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांच्या तोंडातून श्वासनळीत नळी घालून मशीनने श्वास देतात. त्या माणसाला खोकून थुंकता येत नाही. मग तोंडातली जंतूवाली लाळ नळीच्या कडेने खाली उतरते आणि फुप्फुसात न्यूमोनिया होतो. आधीचा आजार बरा होत आला तरी माणूस ह्याने जाऊ शकतो, म्हणजे स्कुटारीसारखंच. म्हणून मावशी खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवते. तोंड, दात साफ करते. प्रत्येक आजाऱ्याच्या आधी आणि नंतर हात धुते. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून तो आपला आपण श्वास घेतो का हे डॉक्टर आणि ती बघतात. नळी लवकर निघाली की धोका कमी होतो. हात धुवून धुवून तिच्या बोटांना भेगा पडल्यात.

बाई १३ ऑगस्ट १९१० रोजी वारल्या. मोठ्या चर्चमध्ये पुरायचं म्हणत होते पण त्यांना ते नको होतं. गावाकडच्या थडग्यावर पूर्ण नावसुद्धा नाही, नुसतं एफ. एन. आणि तारखा आहेत.

(इयत्ता ४ थी)