डॉ. व्हिपल : स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेला वाट दाखवणारे शल्यचिकित्सक

कावीळ उतरत नाही म्हणून तपासण्या होतात, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसते आणि डॉक्टर सांगतात, व्हिपल करावी लागेल. घरच्यांना हे एखाद्या यंत्राचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे.

अ‍ॅलन ओल्डफादर व्हिपल यांचा जन्म 1881 मध्ये पर्शियातील, म्हणजे आजच्या इराणमधील उर्मिया येथे झाला. आई-वडील अमेरिकन मिशनरी होते. प्रिन्स्टनमधून पदवी घेऊन व्हिपल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वैद्यक शिकले आणि 1908 मध्ये डॉक्टर झाले. पुढे 1921 पासून 25 वर्षे ते तेथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते.

त्या काळी स्वादुपिंडाला हात लावायला शल्यचिकित्सक कचरत. हा अवयव पोटात खोलवर, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असतो. त्याचा पाचकरस गळाला तर आजूबाजूचे अवयवच पचवू लागतो. इटलीत कोदिविला यांनी 1898 मध्ये आणि जर्मनीत काउश यांनी 1909 मध्ये स्वादुपिंडाचे डोके काढण्याचे धाडस केले होते. पण ती वाट रुळली नाही.

व्हिपल यांच्या पथकाने 1935 मध्ये अशा तीन शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. पहिला रुग्ण दोन दिवसांच्या आतच दगावला होता. व्हिपल यांनी हे अपयश लपवले नाही, त्याचे कारण शोधले. टाक्यांसाठी वापरलेला कॅटगट हा जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा पाचकरसात विरघळतो आणि जोड सुटतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर त्यांनी रेशमी धागा वापरला.

दुसरी अडचण रक्तस्रावाची होती. कावीळ झालेल्या रुग्णाच्या आतड्यात पित्त पोहोचत नाही, त्यामुळे के जीवनसत्त्व (व्हिटॅमिन के) शोषले जात नाही आणि रक्त गोठत नाही. म्हणून व्हिपल शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करत. आधी पित्ताला वाट करून द्यायची, रुग्ण सावरला की गाठ काढायची. हे जीवनसत्त्व औषध म्हणून मिळू लागल्यावर हा अडसर दूर होऊ लागला. मार्च 1940 मध्ये जठराचा कर्करोग समजून त्यांनी एका महिलेचे पोट उघडले, तर गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात निघाली. तिला कावीळ नव्हती. पाहुणे शल्यचिकित्सक पाहत असताना त्यांनी एकाच बैठकीत संपूर्ण शस्त्रक्रिया पार पाडली. ती महिला त्यातून बरी झाली.

शल्यचिकित्सा एकट्या हाताचे काम नाही, हे त्यांनी ओळखले होते. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या हुशार विद्यार्थिनीला त्यांनी भूलशास्त्राकडे वळायला सांगितले. चांगल्या भुलीशिवाय मोठ्या शस्त्रक्रिया पुढे जाणार नाहीत, असे त्यांचे मत होते. नवजात बाळांसाठीचा अ‍ॅपगार स्कोअर पुढे त्यांनीच दिला.

व्हिपल यांनी आयुष्यात ही शस्त्रक्रिया अवघी 37 वेळा केली. 1963 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण मोठे होते. ते खाली आले ते हळूहळू, आणि प्रामुख्याने जिथे ही शस्त्रक्रिया वारंवार होते तिथे. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत शंभरातले सुमारे 16 रुग्ण दगावत होते, तर सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत सुमारे चार.

आता हीच शस्त्रक्रिया रोबोच्या मदतीने होते. रोबो स्वतः काही कापत नाही. सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून, मोठी त्रिमितीय प्रतिमा पाहत त्याचे बारीक हात चालवतो. चीनमधील चाचणीत, अनुभवी सर्जनांच्या हातून, रोबोच्या रुग्णांना सुमारे अडीच दिवस आधी घरी जाता आले. मात्र गुंतागुंत आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच राहिले. पिट्सबर्गच्या अनुभवात पाचकरसाची गळती कमी व्हायला सुमारे 40 आणि वेळ कमी व्हायला सुमारे 80 शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये साध्या दुर्बिणीने केलेल्या व्हिपलची चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. तिथे 50 पैकी पाच रुग्ण गुंतागुंतीमुळे दगावले होते, तर पोट उघडून केलेल्या 49 पैकी एक.

लहान छेद झाला तरी आतला जोड तोच असतो, आणि तो टिकला नाही तर धोकाही तोच. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी रोबो आहे का, हे विचारण्याआधी या सर्जनने आणि या रुग्णालयाने वर्षभरात अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतले किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, हे विचारावे. पहिल्याच अपयशाचे कारण जगापुढे मांडणाऱ्या व्हिपल यांच्या नावाने होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.