आळंदीचे मास्टर कृष्णराव

भाविक वाचकहो, श्रीक्षेत्र आळंदी म्हटली की मनात पहिल्यांदा उभी राहते ती माउलींची संजीवन समाधी, मग इंद्रायणीचा घाट, अजानवृक्ष आणि सुवर्णपिंपळ. ते योग्यच आहे. परंतु शके 1218 मध्ये ज्या गावी माउलींनी समाधी घेतली, त्याच गावी सहाशे वर्षांनी, 20 जानेवारी 1898 रोजी, एक असा पुरुष जन्मला की ज्याचा स्वर नुसत्या महाराष्ट्राने नव्हे, सबंध देशाने ऐकला. कृष्णराव गणेश फुलंब्रीकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना मास्टर कृष्णराव म्हणत. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पुष्कळांनी त्यांच्या चाली ऐकल्या आहेत, गुणगुणल्याही आहेत. पण त्या चालींचा कर्ता आपल्याच आळंदीचा, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून ह्या अंकी त्यांचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

चरित्राला हात घालण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. जुन्या गाण्यांविषयी लोकांत एक बोलणे नेहमी ऐकू येते. अमुक अभंग म्हणे एकाच दमात ध्वनिमुद्रित झाला, गायक उभा राहिला, गायला आणि निघून गेला, दुसऱ्यांदा गावेच लागले नाही. ऐकणारा थक्क होतो. थक्क व्हावे असे त्यात आहेच, पण ते कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे.

कृष्णरावांच्या तारुण्यात गाणे मेणाच्या जाड चकतीवर उमटवीत. चकती गरगर फिरते आहे, वर सुई आहे, आणि गळ्यातून निघालेला स्वर त्या मेणात चर कोरीत जातो. प्रारंभी तर मायक्रोफोनही नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यापुढे तोंड करून गायचे, आणि आवाज चढला की मान मागे घ्यायची. एका बाजूला साधारण तीन मिनिटे, त्यातच मुखडा, आलाप, तान आणि समेवर विसावा. बरं, मध्येच ठेच लागली तर तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन जोडावा अशी सोय नव्हती. ती चकती बाजूला ठेवायची आणि नवीवर पहिल्यापासून आरंभ करायचा. मेणावरचे गाणे वाजवून पाहू म्हटले तर सुईने मेणच बिघडे. मेणावरून धातूचा साचा निघायचा, त्यावरून तबकड्या निघायच्या, तेव्हा कोठे गायकाला आपले गाणे ऐकायला मिळे.

म्हणजे काय झाले? कोणी दोनदा गायला असेल, कोणी चारदा गायला असेल. पण जे तबकडीवर राहिले ते प्रत्येक गाणे अथपासून इतिपर्यंत एकाच दमातले आहे. त्या काळी हा चमत्कार नव्हता, तो नियम होता. आता त्या नियमाला पुरे पडणारा गळा कसा घडत असे, हेच कृष्णरावांच्या चरित्रात पाहण्यासारखे आहे.

लहानपणीच त्यांच्या गळ्याची गोडी लोकांच्या ध्यानात आली. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत ते बालनट म्हणून गेले. पुढे सवाई गंधर्व ह्या नावाने प्रसिद्ध झालेले रामभाऊ कुंदगोळकर त्याच मंडळीत होते. कोवळ्या वयात असा सहवास लाभणे हे भाग्यच. पण नुसत्या गोड गळ्यावर आयुष्य निघत नाही. गळ्याला गुरू लागतो.

तो गुरू त्यांना मिळाला भास्करबुवा बखले ह्यांच्या रूपाने. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या निरनिराळ्या उस्तादांच्या पायाशी बसून, त्यांची सेवा करून मिळविली होती, आणि 1911 साली पुण्यात संस्था स्थापिली, ती भारत गायन समाज. अशा गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसायचे म्हणजे काय, हे ज्याने टाळ धरून उभ्याने रात्र काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. पतंजलींनी अभ्यासाची तीन लक्षणे सांगितली आहेत: तो दीर्घ काळ हवा, त्यात खंड नको, आणि तो आदराने झाला पाहिजे. कृष्णरावांच्या शिक्षणात ही तिन्ही होती. बुवांनी 8 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. तोपर्यंत शिष्य तयार झाला होता. समाजाचे काम आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचा भार, दोन्ही त्यांनी गुरूची ठेव म्हणून सांभाळले.

गंधर्व मंडळीत ते बालगंधर्वांबरोबर भूमिकाही करीत आणि नाटकांना चालीही लावीत. त्यांतले एक नाटक वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. 1931 साली कान्होपात्रा रंगभूमीवर आले. मंगळवेढ्याची ती कान्होपात्रा, बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा जिने विठ्ठलाच्या पायांवर देह टाकला, तिची करुणा नाटकाच्या रंगमंचावर आली. तिच्या अभंगाला आणि चोखोबारायांच्या जोहाराला कृष्णरावांनी चाली दिल्या. बालगंधर्वांच्या आवाजात त्या तबकडीवर गेल्या, आणि जे कधी नाटकगृहाची पायरी चढले नाहीत अशा माळकऱ्यांच्या कानांवरही पडल्या. आमच्या लहानपणी सकाळच्या वेळी शेजारच्या घरातून रेडिओवर जोहार लागला की आमचे वडीलधारे हातातले काम थांबवीत. नाटकातले गाणे ऐकतो आहोत असे त्यांना वाटत नसे.

असे का व्हावे, ह्याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. चाल रागदारीची आहे, तयारीची आहे, पण ती शब्दावर चढून बसत नाही. चोखोबांनी महाद्वाराबाहेर उभे राहून जे सांगितले, ते सांगण्यापुरतीच ती पुढे येते आणि बाजूला होते. अभंगाला चाल लावणाराने शब्दाचा चोपदार व्हावे, राजा होऊ नये. हे कृष्णरावांना साधले होते.

पुढे बोलपट आले. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1935 साली नाथमहाराजांच्या चरित्रावर धर्मात्मा काढला. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले आणि संगीत कृष्णरावांचे होते. अमरज्योती, गोपाळकृष्ण, माणूस, शेजारी ह्या प्रभातच्या चित्रांनाही त्यांनीच चाली दिल्या. 1942 साली कुलवधू नाटक आले, त्यातली त्यांनी ज्योत्स्नाबाई भोळ्यांसाठी बांधलेली भैरवी आजही गायली जाते. आणि 1944 साली राजकमलने भक्तीचा मळा हे चित्र काढले तेव्हा कृष्णराव स्वतःच सावता माळी झाले. अरणच्या सावतोबांची भूमिका आळंदीत जन्मलेल्या गायकाने करावी, ह्यात आम्हांला तरी औचित्य दिसते.

इतकी कीर्ती झालेला कलावंत सहसा कोणाशी वैर घेत नाही. कृष्णरावांनी घेतले, आणि तेही राज्यकर्त्यांशी. वंदे मातरम् ह्या गीताला त्यांनी झिंझोटी रागात चाल लावली होती. त्या काळी नभोवाणीवरचे गाणेही एकाच दमाचे असे. गायक तिकडे गाई आणि त्याच क्षणी ते घरोघर ऐकू येई. परक्या सरकारने अशा ठिकाणी हे गीत गाण्यास बंदी केली. कृष्णरावांनी ठरविले की जेथे हे गीत चालत नाही तेथे आपलेही गाणे नको. नभोवाणीवर गाणे म्हणजे नाव आणि बिदागी दोन्ही. त्यांनी दोन्हींवर पाणी सोडले, ते महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे. 1947 साली बंदी उठली, त्यांना सन्मानाने बोलावणे आले, आणि तेव्हा ते गायले. गाणारा आपले मौनही किती सुरात राखतो, ते येथे पाहावे.

स्वातंत्र्य आल्यावर राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न निघाला. वंदे मातरम् व्हावे म्हणून कृष्णराव दिल्लीस गेले, घटना समितीच्या सभासदांपुढे त्यांनी ते गाऊन दाखविले. ह्या गीताची चाल बँडवर वाजणार नाही असा आक्षेप निघाला, तेव्हा मुंबईच्या पोलिस बँडच्या प्रमुखाच्या साहाय्याने त्यांनी ती बँडवर बसवून घेतली. एकट्याने गायची, समूहाने गायची, असे सर्व प्रकार सिद्ध केले. एका गीतासाठी एवढे कष्ट दुसऱ्या गायकाने क्वचितच केले असतील. 24 जानेवारी 1950 रोजी निर्णय जाहीर झाला: जन गण मन हे राष्ट्रगीत, आणि वंदे मातरम् ला त्याच्या बरोबरीचा मान. ज्यासाठी इतकी वर्षे वेचली ते पूर्ण पदरात पडले नाही. पण गाणे सोडून ते बसले नाहीत. फळाकडे पाहून गाणारा असता तर तेथेच थांबला असता.

त्यानंतरची एक गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या इच्छेवरून कृष्णरावांनी बुद्धवंदनेला चाल दिली. पाली भाषा त्यांनी समजावून घेतली, आणि ती वंदना त्यांच्या स्वरात तबकडीवर आली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास धर्मांतराचा सोहळा झाला, आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांनी देह ठेवला.

आता ह्यात आळंदीकरांनी लक्षात घेण्यासारखे काय आहे? ज्या आळंदीच्या ब्रह्मवृंदाने संन्याशाची मुले म्हणून चार भावंडांना वाळीत टाकले, शुद्धिपत्रासाठी पैठणला धाडले, त्याच आळंदीत ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या ह्या पुरुषाने प्रथम चोखोबांचा जोहार सुरात बसविला, आणि पंचवीस वर्षांनी, महाद्वाराबाहेर शतकानुशतके उभ्या राहिलेल्या समाजाने नवा मार्ग धरला तेव्हा त्यांच्या वंदनेलाही आपला स्वर दिला. ते लोक आपल्या देवळाकडे पाठ फिरवून चालले होते. तरी त्यांनी हाक दिली आणि हा गेला. माउलींनी विश्वासाठी जे मागितले ते नुसते पाठ म्हणायचे नसते, प्रसंग आला की गायचे असते. असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो, तोही मेणाच्या चकतीसारखाच.

आपली विद्या त्यांनी मुठीत ठेवली नाही. रागसंग्रह ह्या पुस्तकमालेचे सात भाग त्यांनी स्वरलिपीसह प्रसिद्ध केले. 1971 साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात त्यांचा देह पडला.

नैयायिक म्हणतात शब्द अनित्य आहे, उपजतो आणि विरतो. मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे. हा वाद तबकडीने मिटत नाही, पण तबकडी लावली की विरलेला स्वर पुन्हा उपजतो एवढे खरे. ज्ञानेश्वरीचेही काहीसे असेच आहे. माउली नेवाशास बोलल्या, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. पुढे नकलकारांच्या हातून पाठ बिघडले, म्हणून शके 1506 मध्ये नाथमहाराजांना ग्रंथ शुद्ध करावा लागला. तबकडीतल्या स्वराला नकलकाराचा दोष लागत नाही. जसा गायला तसाच राहतो, गुणासह आणि उणिवेसह.

आज यंत्रे फार पुढे गेली आहेत. ध्वनिफीत आली तेव्हा कापणे-जोडणे आले, आता तर हातातल्या मोबाईलवर बेसूर गळाही सुरात आणता येतो. चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले, आणि कीर्तनाला उभे राहिले की समोर टाळापेक्षा मोबाईल अधिक दिसतात. आम्ही यंत्राला नावे ठेवीत नाही. अहो, तबकडी हे यंत्रच होते, त्यानेच जोहार घरोघर नेला. आमचे म्हणणे तरुण कीर्तनकारांना एवढेच आहे, की नंतर दुरुस्त करू ह्या भरवशावर कीर्तनाला उभे राहू नका. गळ्यात वीणा पडली, मागे टाळकरी उभे राहिले, समोर चार भोळी माणसे बसली, की ती एकच वेळ असते. त्यांतला एखादा म्हातारा पुढच्या कार्तिकीला असेल की नाही, कोणी सांगावे? त्याने जे ऐकले ते त्याच्यापुरते कायमचे कोरले गेले. ते नंतर पुसून दुसरे लिहिता येत नाही.

तेव्हा एकाच दमात गाणे ही काही एका दिवसाची करामत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यामागे भास्करबुवांजवळची वर्षे आहेत, मोडलेला हट्ट आहे, पाळलेले मौन आहे. ती वर्षे ज्याच्याजवळ आहेत त्याला एक दम पुरतो. ज्याच्याजवळ नाहीत त्याला शंभर दम दिले तरी अपुरेच.

येत्या कार्तिकी वारीला आळंदीस याल तेव्हा समाधीचे दर्शन घ्या, सिद्धबेटावर जा, इंद्रायणीच्या काठी घटकाभर बसा. आणि ह्या गावात जन्मलेल्या, चोखोबांच्या शब्दांना स्वर देणाऱ्या त्या गायकाचे एकदा स्मरण करा.

रामकृष्णहरी.