चंद्राची पहिली छबी टिपणारे डॉ. ड्रेपर

आज साध्या दुर्बिणीच्या नेत्रिकेपाशी मोबाईलचा कॅमेरा नीट धरला, तर शाळेतला मुलगाही चंद्रावरील विवरांचा फोटो काढू शकतो. परंतु १८३९ साली हेच काम इतके अवघड होते की, छायाचित्रणाची रीत जगापुढे मांडणारे फ्रान्सचे दागेर यांनाही ते नीट साधले नाही. ज्यांना ते साधले, त्या डॉ. जॉन विल्यम ड्रेपर यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी तर वाचावेच, पण पालकांनीही वाचावे असे आहे.

ड्रेपर यांचा जन्म ५ मे १८११ रोजी इंग्लंडमधील सेंट हेलेन्स या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आज या गावी तर उद्या त्या गावी, असा त्यांचा फिरतीचा संसार होता. मात्र वडिलांना विज्ञानाची गोडी होती आणि घरात एक दुर्बीण होती. या दुर्बिणीतूनच लहानग्या जॉनला आकाशाची ओढ लागली. पुढे लंडनला जाऊन त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास केला.

१८३१ साली वडील वारले. दुसऱ्याच वर्षी आई, पत्नी आणि तीन बहिणींसह ड्रेपर अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात आले. तेथील एका महाविद्यालयात शिक्षकाची नोकरी मिळेल अशी आशा होती. पण ते पोहोचले तेव्हा ती जागा भरली गेली होती. परका मुलुख, मोठे कुटुंब आणि हाती नोकरी नाही, असा तो प्रसंग होता.

अशा वेळी घर सावरले ते बहिणींनी. ख्रिश्चनव्हिल नावाच्या छोट्या गावात त्यांनी मुलींची शाळा काढली. थोरली बहीण डोरोथी कॅथरिन चित्रकला शिकवू लागली. भावाने घरीच लहानशी प्रयोगशाळा मांडली आणि बहिणीच्या कमाईतून त्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागला. १८३६ साली ड्रेपर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्यानंतर हॅम्पडेन-सिडनी महाविद्यालयात प्राध्यापकी करून १८३९ साली ते न्यूयॉर्क विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दागेर यांची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ धरायची, मग कॅमेऱ्यात त्यावर प्रकाश पाडायचा, नंतर पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवायचे आणि शेवटी हायपोच्या द्रावणात धुऊन ते कायम करायचे, अशी ती रीत होती. प्रकाशाचा पदार्थांवर होणारा परिणाम हा ड्रेपर यांच्या आवडीचाच विषय असल्याने ते लगेच कामाला लागले.

चंद्राचे छायाचित्र घेण्यात दोन मोठ्या अडचणी होत्या. पूर्णचंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाहून सुमारे ४ लाख पटींनी मंद असतो. त्यामुळे पत्र्यावर प्रकाश बराच वेळ पडू द्यावा लागे. पण पृथ्वी फिरत असल्याने चंद्र आकाशात अवघ्या दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका सरकतो, मग चित्र फरफटले जाणारच. यावर ड्रेपर यांनी हेलिओस्टॅटचा, म्हणजे आकाशस्थ गोलाच्या गतीबरोबर फिरून त्याचा प्रकाश एकाच दिशेला पाठवणाऱ्या आरशाचा उपयोग केला. त्यांचे भिंग केवळ ३ इंच व्यासाचे होते. आजच्या नवशिक्याच्या दुर्बिणीचे भिंगही साधारण एवढेच असते!

या भिंगाने अर्ध्या तासात पत्र्यावर ठळक ठसा उमटला. मग भिंगांची मांडणी बदलून त्यांनी सुमारे एक इंच व्यासाचे चित्र मिळवले. त्यात चंद्रावरचे काळे डाग अंधुकपणे ओळखू येत होते. २३ मार्च १८४० रोजी न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे, २० मिनिटे प्रकाश देऊन चंद्राचे चित्र घेतल्याचे त्यांनी जाहीर केले. खगोलीय छायाचित्रणाची ही सुरुवात मानली जाते.

त्याच वर्षी त्यांनी बहीण डोरोथी कॅथरिन हिचे छायाचित्र घेतले. त्यासाठी ती ६५ सेकंद निश्चल बसली होती. जिच्या कमाईवर भाऊ शिकला, तिचा चेहरा अशा रीतीने छायाचित्रणाच्या इतिहासात कायम राहिला.

पुढे ड्रेपर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या उभारणीत भाग घेतला. १८७६ साली ते अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. इतिहासकार म्हणूनही ते गाजले. युरोपच्या बौद्धिक विकासावरील ग्रंथात त्यांनी इब्न अल्-हैसम यांच्यासारख्या अरब शास्त्रज्ञांच्या कार्याला मोठे स्थान दिले. धर्म व विज्ञान यांच्या संघर्षावरील त्यांच्या १८७४ सालच्या पुस्तकाचा मौलाना जफर अली खान यांनी उर्दूत अनुवाद केला. त्या पुस्तकातील एकांगी मते आजच्या इतिहासकारांना मान्य नाहीत, पण अरब विद्वानांचे ऋण मोकळेपणाने मान्य करण्याची त्यांची वृत्ती लक्षात राहते.

मुलगा हेन्री यानेही वडिलांचा वारसा चालवला. त्याने स्वतः तयार केलेल्या दुर्बिणीतून चंद्राची उत्तम छायाचित्रे घेतली आणि १८८० साली मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र काढले. ४ जानेवारी १८८२ रोजी डॉ. ड्रेपर यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, दुर्बीण मिळाली तर हिजरी महिन्याच्या सातव्या-आठव्या तारखेचा चंद्र पाहा. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, त्यामुळे पूर्णचंद्रापेक्षा विवरे अधिक उठून दिसतात. कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावा आणि चंद्र पांढराफटक येत असेल तर प्रकाश कमी करा. मात्र दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका. चंद्राच्या पूर्व कडेजवळ इब्न अल्-हैसम यांच्या नावाचे विवर आहे, तसेच हेन्री ड्रेपर यांच्या नावाचेही एक विवर चंद्रावर आहे.

आणि पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. चंद्राच्या त्या एक इंची चित्रामागे वडिलांनी घरात ठेवलेली दुर्बीण होती आणि शिकलेल्या बहिणीची कमाई होती. मुलाच्या हाती कुतूहलाचे साधन द्यावे आणि मुलीला पायावर उभे राहण्याइतके शिकवावे. एका घरात या दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून ड्रेपर घडले.