शेतकऱ्याचा मुलगा, बार्शी लाईटचा जनक

बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना बार्शी लाईट माहीत नाही असे होणार नाही. मात्र ही छोटी गाडी ज्यांनी आणली ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेब एका शेतकऱ्याचे पुत्र होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म 3 मार्च 1857 रोजी इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी त्यांनी इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि 1882 साली ते जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जात होती, पण बार्शीची बाजारपेठ तिच्यापासून वीसेक मैल आडबाजूला. कापूस, धान्य, गळीत माल सारा बैलगाडीने स्टेशन गाठायचा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर गाडी रुतली की काय हाल होतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

साहेबांनी हिशेब मांडला. मोठा मार्ग परवडत नसेल तर अडीच फुटी अरुंद मार्ग टाकावा. रूळ हलके, म्हणून दर आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. आपण बैलगाडी भरताना ती धुरजड किंवा उलाळ होऊ नये म्हणून माल मागेपुढे सारखा लावतो, त्यातलाच हा प्रकार. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो.

परवानगी आणि भांडवल मिळवण्यात कित्येक वर्षे गेली. प्रकृतीमुळे नोकरी सोडून ते मायदेशी परतले, तरी नाद सोडला नाही. 1895 साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झाली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज जोडले गेले. वारकऱ्यांची सोय झाली आणि लातूर-बार्शीच्या अडतीला बळ आले. एक उणीव मात्र राहिली. कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे.

साहेबांनी विमानातून उडी घेण्यासाठी पॅराशूटही तयार केले. त्यात त्यांचा पैसा बराच गेला. घोड्यांचीही त्यांना मोठी आवड होती. 30 मार्च 1927 रोजी त्यांचे निधन झाले.

1954 साली ही रेल्वे सरकारने घेतली. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग रुंद झाला. हे चांगलेच झाले, कारण मालाची चढ-उतार वाचली. पण छोट्या गाडीच्या खुणा भंगारात चालल्या आहेत. नागपूरला मोतीबाग येथे 2002 साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय झाले. तसे मोठे काम एका गावाला झेपणार नाही, पण मार्गावरच्या गावांनी मिळून एखादी खोली तरी सजवावी.

शेतकरी बंधूंनो, घरात जुनी तिकिटे, मालाच्या पावत्या, कंदील, फोटो असतील तर रद्दीत घालू नका. वडीलधाऱ्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. ग्रामसेवक व तलाठी मंडळींनी जुने नकाशे आणि फेरफार पाहावेत, मार्गाला गेलेल्या जमिनीच्या नोंदी त्यात सापडू शकतात. ग्रामसभेत ठराव घेऊन शाळेची किंवा पंचायतीची एक खोली त्यासाठी द्यावी. मात्र रुळाचा तुकडा किंवा स्टेशनातली वस्तू रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नये, ती सरकारी मालमत्ता आहे.

गाडी चढलेली, माल चढवलेली पिढी आता थकली आहे. बियाणे वेळेवर राखले नाही तर वाण जातो. आठवणींचेही तसेच आहे. हे काम याच हंगामात हाती घ्यावे.